दाब मोजला, हृदय पाहायचे राहिले

शहापूर किंवा मुरबाड तालुक्यातल्या कुठल्याही प्राथमिक आरोग्य केंद्रासमोर सकाळी जी रांग लागते, तिच्यात हृदयाचे दोन तऱ्हेचे रुग्ण उभे असतात. पहिल्या तऱ्हेचे पुष्कळ. त्यांना बीपी आहे. काहींना ते ठाऊक आहे, बऱ्याच जणांना नाही. दुसऱ्या तऱ्हेचा एखादाच. त्याच्या हृदयाचा स्नायूच बिघडलेला असतो, जाड होऊन ताठरलेला किंवा ताणून ढिला पडलेला. तो ‘दम लागतो’, ‘अंगात ताकद नाही’ असे सांगत येतो आणि बहुधा लोहाच्या नाहीतर दम्याच्या गोळ्या घेऊन घरी जातो.

२०११च्या जनगणनेत या दोन तालुक्यांची लोकसंख्या मिळून पाच लाखांच्या घरात होती. आदिवासी आरोग्याचा अभ्यास करणाऱ्या, डॉ. अभय बंग यांच्या अध्यक्षतेखालील केंद्राच्या तज्ज्ञ समितीने २०१८ मध्ये आदिवासी प्रौढांत चारात एकाला उच्च रक्तदाब असल्याचे म्हटले. तेच प्रमाण सगळ्या प्रौढांना लावले, तर दोन्ही तालुक्यांत मिळून ७५ हजारांच्या आसपास बीपीवाले निघतात. हृदयाचा स्नायू अकारण जाड होण्याचा आजार, म्हणजे हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपथी, अमेरिकेतल्या तरुणांच्या इको तपासणीत १९९५ मध्ये पाचशेत एकाला आढळला होता. तो दर इथे धरला तर हजारेक माणसे. हे कागदाच्या पाठीवरचे गणित आहे, सर्वेक्षण नव्हे. तरीही दोन प्रश्नांचा आकार त्यातून कळतो: एक प्रश्न गावागावात पसरलेला, दुसरा शोधूनही पटकन न सापडणारा. संशोधनाच्या जगात हे दोन विषय वेगवेगळ्या परिषदांत, वेगवेगळ्या तज्ज्ञांकडे असतात. गावात मात्र दोघांची गाठ एकाच सिस्टरशी आणि पुष्कळदा एकाच गोळीशी पडते. म्हणून हा आढावा दोन्हींचा एकत्र आहे.

रक्तदाबावरच्या औषधांचा इतिहास मुंबईला वळसा घालून सांगता येत नाही. सर्पगंधेच्या मुळीचा वापर आपल्याकडे जुना. १९३१ मध्ये कलकत्त्याच्या गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी तिच्यामुळे रक्तदाब उतरतो हे नोंदवले होते. पण जगाचे लक्ष तिकडे गेले ते परळच्या केईएम रुग्णालयातले डॉ. रुस्तम जाल वकील यांच्यामुळे. त्यांनी ५० रुग्णांवर मुळीचे औषध वापरून निष्कर्ष १९४९ मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये छापले. तो निबंध वाचून बोस्टनच्या रॉबर्ट विल्किन्स यांनी औषध मागवले, १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीने मुळीतून रिसर्पिन वेगळे काढले आणि १९५७ मध्ये वकील यांना लास्कर पुरस्कार मिळाला. औषध काही फार गुणी नव्हते. नाक चोंदायचे, गुंगी यायची, काहींना खिन्नता घेरायची. आज ते जवळजवळ हद्दपार झाले आहे.

पण जाण्यापूर्वी त्याने एक मोठे काम केले. तोवर अनेक नामवंत डॉक्टरांना वाटायचे की वयाबरोबर वाढणारा दाब ही शरीराची गरज आहे, तो मुद्दाम उतरवू नये. अमेरिकेत एडवर्ड फ्रीस यांनी माजी सैनिकांच्या रुग्णालयांत या समजुतीची परीक्षा घेतली. खालचा दाब ११५ ते १२९ असलेल्या १४३ पुरुषांपैकी निम्म्यांना खऱ्या गोळ्या आणि निम्म्यांना तशाच दिसणाऱ्या पोकळ गोळ्या दिल्या. खऱ्या गोळ्यांत लघवीवाटे मीठ काढणारे औषध, हायड्रॅलॅझिन आणि आपले रिसर्पिन होते. १९६७ मध्ये निकाल आला. पोकळ गोळीवाल्या ७० जणांत मृत्यू किंवा गंभीर घात २७, खऱ्या गोळीवाल्या ७३ जणांत २. औषधशास्त्रात इतका उघडा निकाल क्वचितच मिळतो. इतक्या चढ्या बीपीला गोळी द्यावी की नाही, हा वाद त्या वर्षी संपला.

त्यानंतरच्या साठ वर्षांतले बरेचसे संशोधन दाब किती खाली आणायचा आणि गोळ्या कोणत्या, किती, या तपशिलांचे आहे. २०१५ मध्ये अमेरिकेतल्या ‘स्प्रिंट’ चाचणीने ९,३६१ लोकांत वरचा दाब १४० ऐवजी १२०च्या खाली ठेवला, तर हृदयाचे मोठे आजार पाव हिश्शाने कमी होतात असे दाखवले. शहरातल्या हृदयरोगतज्ज्ञांनी त्यावर उत्साहाने चर्चा केली, आजही करतात. शहापूरच्या दृष्टीने ती चर्चा आजच्या घडीला गैरलागू आहे असे माझे स्पष्ट मत आहे. ज्या गावात १७०चा माणूस गोळीवाचून हिंडतो आहे, तिथे १३० की १२० यावर भांडणे ही चैन झाली. शिवाय त्या चाचणीत रुग्णाला शांत खोलीत बसवून यंत्राने दाब मोजला होता. तशी खोली आपल्या किती उपकेंद्रांत आहे?

आपल्या कामाचे संशोधन दुसरीकडे आहे. २०१८ मध्ये श्रीलंकेतल्या ७०० रुग्णांवरच्या चाचणीत तीन औषधे अर्ध्या-अर्ध्या मात्रेत एकाच गोळीत घालून दिली. सहा महिन्यांनी ७० टक्के लोकांचा दाब आटोक्यात होता, नेहमीच्या उपचारात ५५ टक्क्यांचा. २०२५ मध्ये भारतातलीच ‘टॉपस्पिन’ चाचणी प्रसिद्ध झाली. देशभरातल्या रुग्णालयांतून सुमारे दोन हजार रुग्ण घेऊन तीन जोडगोळ्यांची तुलना केली. तिन्ही सारख्याच गुणकारी ठरल्या, सुमारे ७० टक्के लोकांचा दाब १४०/९० च्या खाली आला. भारतीय शरीराला अमुकच औषध मानवते, हा दवाखान्यांतून बराच फिरलेला समज त्यामुळे मोडीत निघाला. जे स्वस्त आहे आणि वर्षभर मिळते, ते द्यावे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्येच अशा एकत्र गोळ्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत घातल्या. आपल्या सरकारी केंद्रांत अजून सुट्या गोळ्यांचाच रिवाज आहे.

औषधाचा प्रश्न सुटला, मग राहिला तो पोचवण्याचा. नोव्हेंबर २०१७ मध्ये भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद, केंद्र व राज्य सरकारे आणि जागतिक आरोग्य संघटना यांनी मिळून उच्च रक्तदाब नियंत्रणाचा उपक्रम पाच राज्यांत सुरू केला. महाराष्ट्रातून सातारा, सिंधुदुर्ग, भंडारा आणि वर्धा हे जिल्हे पहिल्या फळीत होते. उपक्रमाची कल्पना अगदी साधी. सगळ्या डॉक्टरांनी एकाच पायऱ्यांनी औषध वाढवायचे: आधी आम्लोडिपिन, मग टेल्मिसार्टन, मग क्लोरथॅलिडोन. साठा संपू द्यायचा नाही. महिन्याची गोळी जवळच्या उपकेंद्रावर द्यायची आणि कोण आला नाही हे मोबाइलवरच्या नोंदीतून शोधायचे. २०२२ मध्ये या उपक्रमाला संयुक्त राष्ट्रांचा पुरस्कार मिळाला. पुरस्कारापेक्षा मला त्यातली एक गोष्ट महत्त्वाची वाटते. यात नवे औषध नव्हते, नवे यंत्र नव्हते. होती ती फक्त शिस्त.

शेजारच्या देशांतले पुरावेही याच बाजूचे. बांगलादेश, पाकिस्तान आणि श्रीलंका इथल्या तीस खेड्यांच्या चाचणीत आरोग्यसेविकांनी घरी जाऊन दाब मोजला, समजावले, गरजूंना डॉक्टरकडे धाडले. दोन वर्षांनी त्यांच्या गटाचा वरचा दाब तुलनेच्या गटापेक्षा पाच अंकांनी अधिक उतरला. चीनमध्ये ३२६ गावांतल्या सुमारे ३४ हजार लोकांवर गावडॉक्टरांनीच औषध सुरू करून ते वाढवायचे, असा प्रयोग झाला. दीड वर्षात ५७ टक्के लोकांचा दाब आटोक्यात आला, दुसऱ्या गटात २० टक्के. तीन वर्षांत हृदयविकार आणि पक्षाघात तिसऱ्या हिश्शाने घटले.

उलटा पुरावाही सांगायला हवा. आंध्रच्या खेड्यांत आशांच्या हाती टॅबलेट देऊन केलेल्या ‘स्मार्टहेल्थ’ चाचणीत दाबाच्या नियंत्रणात काहीच फरक पडला नाही. रुग्ण शोधले गेले, डॉक्टरकडे पाठवलेही गेले, पण गोळी सुरू होऊन चालू राहण्याची साखळी मध्येच तुटली. चीनच्या गावडॉक्टरला गोळी लिहिण्याचा अधिकार होता. आपल्या उपकेंद्रावरचा समुदाय आरोग्य अधिकारी डॉक्टरने लिहिलेली गोळी पुढे देऊ शकतो, पहिली गोळी मात्र वैद्यकीय अधिकाऱ्यानेच लिहायची. दोन्ही निकालांतला फरक मला या एका अधिकारात दिसतो.

आता उपकेंद्रात जाऊन पाहू. एक आजोबा पाड्यावरून चढउतार करत आलेले असतात. आल्या आल्या त्यांना स्टुलावर बसवतात, पाठ टेकायला काही नसते, पाय लोंबतात. सदऱ्याची बाही वर सरकवली की ती दंडावर आवळून बसते आणि पट्टा तिच्याखाली कसाबसा गुंडाळला जातो. मागच्या बाई विचारत असतात, ‘सिस्टर, माझा नंबर कधी?’ आणि आजोबा त्यांना उत्तर देत असतात. यंत्र १६४ दाखवते. वहीत १६४ लिहिले जाते. याच आजोबांना पाच मिनिटे भिंतीला टेकून बसवले, सदरा काढायला लावला, हात छातीच्या उंचीवर ठेवून, गप्प बसवून पुन्हा मोजले तर आकडा सहज दहा-पंधराने उतरू शकतो. मोजण्याच्या चुकीने उगाच गोळी सुरू झालेले जसे असतात, तसे फार मोठ्या पट्ट्यामुळे दाब कमी दिसून सुटून गेलेलेही असतात. बीपीवरच्या कुठल्याही मोठ्या अभ्यासाची पहिली पाने मोजण्याच्या पद्धतीवर खर्च झालेली असतात, ती उगाच नव्हे. गोळीचा सगळा पुरावा त्या शांत पाच मिनिटांवर उभा आहे.

मग दुसरा प्रश्न. ‘ताई, डोकं दुखत नाही, चक्कर नाही, मग गोळी कशाला?’ आशाताईकडे याचे उत्तर पक्षाघाताने अंथरुणाला खिळलेल्या गावातल्याच कुणाचे तरी नाव घेऊन द्यावे लागते, आणि ते उत्तर खरेही आहे. गडचिरोलीत ‘सर्च’ संस्थेने ८६ गावांतल्या दोन वर्षांच्या मृत्यूंची कारणे घरोघर विचारून काढली, तेव्हा १४.३ टक्के मृत्यू पक्षाघाताने झाल्याचे दिसले. ते मृत्यूचे पहिल्या क्रमांकाचे कारण होते. आदिवासी भागात साथी आणि कुपोषणच, बीपी हा शहरी लोकांचा आजार, ही समजूत या आकड्याने कायमची खोडली पाहिजे होती. खोडली गेली नाही.

तिसरा प्रश्न स्थलांतराचा, आणि तो या दोन तालुक्यांत फार कळीचा आहे. भातकापणी आटोपून दिवाळी झाली की कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात, पावसाच्या तोंडावर परततात. म्हणजे वर्षातले निम्मे दिवस रुग्ण ज्या उपकेंद्राच्या वहीत आहे, त्या गावात तो नाहीच. महिन्याची गोळी देणारी पद्धत त्याच्यासाठी नोव्हेंबरातच बंद पडते. उलट पावसाळ्यात माणूस गावात असतो, पण ओढ्याला पाणी आले की काही पाडे तुटतात. तिथल्या रुग्णाला डोलीत घालून आणल्याच्या बातम्या दरवर्षी छापून येतात. यावर उपाय शोधायला संशोधनाची गरज नाही. भट्टीवर जाणाऱ्याला तीन महिन्यांच्या गोळ्या आणि दाबाची नोंद असलेले कार्ड हातात द्यावे, भिवंडी-कल्याणच्या केंद्राने ते कार्ड ओळखावे. रक्तदाब उपक्रमाच्या मोबाइल नोंदीत तशी सोय आहे. ती जिल्ह्याची हद्द न पाहता चालली, तर निम्मे काम झाले.

मिठाबद्दल थोडक्यात. इकडच्या घरात मीठ येते ते मुख्यतः चुलीवरून, आणि सुकट, जवळा, बोंबील यांतून. पाकिटातल्या खाऊचा वाटा वाढतोय, पण तो अजून दुसऱ्या क्रमांकावर आहे. म्हणून ‘मीठ कमी खा’ या उपदेशापेक्षा मीठच बदलणे सोपे. चीनच्या ६०० गावांत पाव हिस्सा सोडियमऐवजी पोटॅशियम असलेले मीठ पाच वर्षे वाटले, तेव्हा पक्षाघात १४ टक्क्यांनी घटले. तेलंगणच्या सिद्दिपेट भागात ५०२ बीपीवाल्यांना असेच मीठ दिले; वरचा दाब साधारण साडेचार अंकांनी उतरला आणि चवीची तक्रार झाली नाही. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२५ मध्ये या मिठाची शिफारस केली. मूत्रपिंडाचा आजार असलेल्याला ते चालत नाही आणि ते महागही आहे. रेशनवर द्यायचे का, हा निर्णय सरकारचा आहे, डॉक्टरांचा नाही.

इथवरची गोष्ट सोपी होती. आता दुसरा रुग्ण.

वकील यांचा निबंध ज्या ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’ने छापला, त्याच नियतकालिकात १९५८ मध्ये लंडनचे न्यायवैद्यक डोनाल्ड टिअर यांनी अचानक मेलेल्या तरुणांच्या हृदयांचे वर्णन केले. हृदयाच्या दोन कप्प्यांमधली भिंत एका बाजूने विचित्र जाड झालेली, तंतू अस्ताव्यस्त. हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपथीचे आधुनिक ज्ञान तिथून सुरू होते. गावात याचे रूप असे: पंचवीस-तीस वर्षांचा धडधाकट माणूस पळताना, ओझे उचलताना किंवा नाचताना कोसळतो. शवविच्छेदन झालेच तर कागदावर ‘हृदयविकाराचा झटका’ येतो. त्याचा भाऊ, मुलगी, चुलत भावंडे यांना कुणी तपासायला बोलवत नाही, खरे तर हा आजार बहुधा घराण्यात उतरतो आणि बाधित आईबापाच्या प्रत्येक अपत्याला तो मिळण्याची शक्यता निम्मी असते.

दुसरा प्रकार हृदय फुगून ढिले पडण्याचा. त्याला विषाणू, दारू, आनुवंशिकता, अनेक कारणे. आपल्या भागात यातली सर्वांत दुर्लक्षित तऱ्हा बाळंतिणीची आहे. गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यापासून बाळंतपणानंतर पाच महिन्यांपर्यंत हृदय अचानक कमकुवत होऊ शकते. पायाला सूज, रात्री आडवे होताच धाप, खोकला. ही सगळी लक्षणे बाळंतपणात ‘असतातच’ म्हणून सोडून दिली जातात, आणि बाई पंडुरोगी असेल तर सगळा दोष हिमोग्लोबिनवर जातो. माझ्या मते मातामृत्यूच्या प्रत्येक चौकशीत ‘रात्री उशी उंच करून झोपत होती का?’ हा एक प्रश्न सक्तीचा असावा.

आणि इथे दोन रुग्णांची गाठ एका गोळीशी पडते. बीपी उपक्रमाची पहिली पायरी आम्लोडिपिन. हे औषध रक्तवाहिन्या सैलावते. शंभरातल्या जवळजवळ शंभरांना ते सुरक्षित आहे आणि या लेखामुळे कुणी ते थांबवू नये. पण ज्याच्या हृदयातली जाड भिंत रक्त बाहेर पडण्याची वाटच अडवते आहे, त्याला वाहिन्या सैलावणारे औषध उलटू शकते, अडथळा वाढून घेरी येऊ शकते. अशा रुग्णाला बीटा-ब्लॉकर किंवा वेरापामिल लागते. म्हणून ज्याला गोळी सुरू केल्यावर दम कमी होण्याऐवजी वाढला, उभे राहताना अंधारी येऊ लागली, ज्याच्या हृदयावर आवाज, म्हणजे मर्मर, ऐकू येतो, त्याला ‘गोळी बदलून बघू’ असे न म्हणता इकोसाठी पाठवायला हवे. पायऱ्यांचा तक्ता भिंतीवर लावताना त्याच्या तळाशी ही एक ओळ छापायला काय हरकत आहे?

दुसरी गुंतागुंत निदानाची. वर्षानुवर्षे उपचार न झालेल्या बीपीनेही हृदयाची भिंत जाड होते. इकोत १५ मिलिमीटरच्या पुढची जाडी आनुवंशिक आजाराकडे बोट दाखवते. बीपीने आलेली जाडी बहुधा त्याहून कमी आणि सगळीकडून सारखी असते. मधल्या १३-१४ च्या पट्ट्यात तज्ज्ञही अडखळतात. तिथे एक जुनी युक्ती अजून उपयोगी पडते: सहा महिने ते वर्षभर दाब नीट आटोक्यात ठेवायचा आणि पुन्हा इको करायचा. जाडी उतरली तर दोष दाबाचा. म्हणजे बीपीचा उपचार हाच कधी कधी स्नायूच्या आजाराच्या निदानाचा भाग होतो. पण त्यासाठी दोन इको लागतात आणि मध्ये अखंड गोळी.

आनुवंशिक तपासणीने हा तिढा सुटेल अशी आशा २००९ मध्ये उगवली होती. हैदराबादच्या सीसीएमबीचे कुमारसामी तंगराज, मदुराईचे संशोधक आणि त्यांचे परदेशी सहकारी यांनी ‘नेचर जेनेटिक्स’मध्ये लिहिले की हृदयाच्या स्नायूतल्या एका प्रथिनाच्या जनुकात २५ अक्षरांची गळती आहे, ती दक्षिण आशियातल्या सुमारे चार टक्के लोकांत आढळते आणि हृदय निकामी होण्याचा धोका सातपट वाढवते. देशातल्या शंभरावर समाजांचे नमुने त्यांनी तपासले होते. चार टक्के म्हणजे केवढे लोक! वृत्तपत्रांनी तेव्हा ‘भारतीयांच्या हृदयातला दोष’ म्हणून मथळे दिले. पुढे संशोधन शांतपणे उलगडत गेले. २०२० मध्ये झालेल्या फेरतपासणीत दिसले की ही गळती एकटी फारशी घातक नाही; तिच्याबरोबर काही थोड्या लोकांत जाणारा दुसराच बदल खरा गुन्हेगार आहे. म्हणजे चार टक्क्यांपैकी बहुतेकांना त्या गळतीपासून भय नाही. सर्वांची एक स्वस्त चाचणी करून आजार पकडण्याचे स्वप्न तिथे मागे पडले. भारतीय नमुन्यांवर काम झाले नसते तर हे कळलेच नसते, हेही खरे.

तेव्हा पुन्हा साध्या साधनांकडे. कार्डिओग्राम हे त्यातले सर्वांत स्वस्त. हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपथीच्या दहापैकी नऊ रुग्णांत तो बिघडलेला दिसतो, फक्त तो वाचणारा हवा. २०१९ मध्ये अमेरिकेच्या मेयो क्लिनिकने संगणकाला हजारो कार्डिओग्राम शिकवून कमकुवत हृदय ओळखायला लावले. त्याच घराण्याच्या तंत्राची परीक्षा नायजेरियात झाली: सुमारे बाराशे गरोदर आणि बाळंत स्त्रियांपैकी निम्म्यांना संगणक जोडलेल्या स्टेथोस्कोपने तपासले. तिथे ४.१ टक्के स्त्रियांत कमकुवत हृदय सापडले, नेहमीच्या पद्धतीत २ टक्के. २०२४ चा हा निकाल आपल्या भागासाठी मला सगळ्यांत आशेचा वाटतो.

सदऱ्याच्या खिशात मावेल असा इकोही आता मिळतो. हरियाणातल्या सिरसा इथे २०१२ च्या सुमारास अशा छोट्या यंत्रांनी शिबिरात हजारावर इको काढून ते इंटरनेटवरून दूरच्या तज्ज्ञांनी वाचल्याचा अभ्यास प्रसिद्ध आहे. मग आपल्याकडे पाड्यावर तो का दिसत नाही? एक कारण पैसा. दुसरे कायदा. गर्भलिंगनिदान प्रतिबंधक कायद्यात अल्ट्रासाउंडचे प्रत्येक यंत्र येते, आणि २०१२ च्या नियमदुरुस्तीने ने-आण करण्याजोगे यंत्र नोंदलेल्या जागेबाहेर वापरण्यावर कडक बंधने आणली. त्याच वर्षी बीड जिल्ह्यात बेकायदा गर्भपातांचे जे प्रकरण उघडकीस आले, ते पाहता महाराष्ट्राने ही बंधने सैल करावीत असे मी म्हणणार नाही. पण त्याच नियमांत इतर आरोग्यसेवाही देणाऱ्या, नोंदणीकृत फिरत्या वैद्यकीय पथकाला वाट ठेवलेली आहे. आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम-जनमन योजनेत कातकरींसारख्या अतिअसुरक्षित जमातींसाठी अशी फिरती पथके आहेतच. त्या गाडीत एक नोंदलेले यंत्र आणि ते हाताळायला शिकलेला माणूस बसवणे कायद्याच्या चौकटीत बसू शकते. ही वाट वापरून पाहण्यासारखी आहे.

निदान झाल्यावर पुढे काय, हा प्रश्न पूर्वी गप्प बसवायचा. आता तसे राहिलेले नाही. देशातल्या ५३ रुग्णालयांतल्या १०,८५१ रुग्णांच्या राष्ट्रीय नोंदीत हृदय निकामी झालेल्यांपैकी १४ टक्क्यांहून थोडे अधिक लोक तीन महिन्यांत दगावले होते. अर्धवट औषधे मिळालेल्यांत मृत्यू अधिक होते. हृदय ढिले पडलेल्यांसाठी चार गटांची औषधे आहेत. त्यांतले डापाग्लिफ्लोझिन २०२० नंतर आणि एम्पाग्लिफ्लोझिन २०२५ मध्ये पेटंट संपल्याने एकदम स्वस्त झाले. मधुमेहासाठी आलेल्या या गोळ्या हृदयालाही तारतात, हे २०१९ च्या ‘डापा-एचएफ’ चाचणीत दिसले. महाग औषधे मात्र महागच आहेत. जाड भिंतीवर थेट काम करणारे मॅव्हाकॅम्टन अमेरिकेत २०२२ मध्ये मान्य झाले. त्याची किंमत इथल्या रुग्णापुढे उच्चारण्यासारखी नाही. सुदैवाने बहुतेकांना त्याची गरज पडत नाही, जुने बीटा-ब्लॉकर पुरते.

शहापूरचा रुग्ण मोठ्या तपासण्यांसाठी आसनगावहून लोकल धरून कळव्याला किंवा परळला जातो. मुरबाडला अजून रेल्वे नाही. तिकडचा माणूस एसटीने कल्याण गाठतो आणि पुढे बदलतो. एका इकोसाठी अशा दोन फेऱ्या, म्हणजे दोन दिवसांची मजुरी आणि सोबतीच्या माणसाचीही. दुसऱ्या फेरीला येणारे कमी असतात, यात आश्चर्य काय?

या सगळ्या वाचनातून माझा निष्कर्ष असा. बीपीसाठी या दोन तालुक्यांना नव्या संशोधनाची वाट पाहण्याचे काहीच कारण नाही. साठा, तीन महिन्यांच्या गोळ्या आणि नीट मोजमाप एवढे झाले तरी पुष्कळ पक्षाघात टळतील. स्नायूच्या आजारासाठी मात्र घरोघर तपासणीचा हट्ट धरू नये, तो पैसा वाया जाईल. निवडक लोकांनाच इकोपर्यंत न्यावे: बाळंतपणानंतर धाप लागणारी बाई, पन्नाशीच्या आत कुणी अचानक गेलेल्या घरातली रक्ताची माणसे, परिश्रमात घेरी येणारा तरुण, आणि गोळी घेऊनही ज्याचा दम वाढतोच आहे असा बीपीवाला. त्यांच्यासाठी शहापूरच्या उपजिल्हा रुग्णालयात आणि मुरबाडच्या ग्रामीण रुग्णालयात महिन्यातला एक ठरलेला इकोचा दिवस असावा, आणि तो प्रत्येक उपकेंद्राच्या दारावर लिहिलेला असावा. ग्रामसभेने आणि रुग्ण कल्याण समितीने एवढे मागणे अवाजवी नाही.

तोवर, तुमच्या घरात कुणी तरुण माणूस असा अचानक गेला असेल, तर त्याच्या भावंडांचा आणि मुलांचा एकदा कार्डिओग्राम काढून घ्या आणि डॉक्टरांना त्या मृत्यूबद्दल न विचारता सांगा. बीपीची गोळी चालू असेल तर ती मनाने बंद करू नका.